आयएनएस गुलदार: रणगाडे वाहणारं जहाज पाण्याखालचं संग्रहालय कसं बनतं?

पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या तिसगावापासून समुद्र दोनशे किलोमीटरपेक्षा जास्त लांब आहे. इथली पोरं पोहायला शिकतात ती विहिरीत, पाठीला रिकामा डबा बांधून. पण पैज लावून विहिरीच्या तळाची माती वर आणायला ज्याने बुडी मारली आहे, त्याला एक गोष्ट पक्की माहीत असते. जसजसं खाली जाल तसतसे कान दुखायला लागतात.

मित्रांनो, आजचा विषय त्या कानदुखीपासून फार लांबचा नाही. रणगाडे, ट्रक आणि सैनिक वाहून नेणारं भारतीय नौदलाचं एक जहाज निवृत्त झालं. ते भंगारात काढण्याऐवजी सिंधुदुर्गजवळच्या समुद्रात मुद्दाम बुडवायचं आणि लोकांनी स्कूबा डायव्हिंग करून ते बघायला जायचं, असा प्रकल्प महाराष्ट्राने हाती घेतला. जहाजाचं नाव आयएनएस गुलदार.

"चांगलं जहाज बुडवायचं कशाला?" हा पहिला प्रश्न. "बुडवायला एवढे कोटी कशाला?" हा दुसरा. दोन्हीची उत्तरं शोधताना लक्षात येतं की जहाज बुडवणं हा काही मिनिटांचा खेळ आहे. खरं काम असतं ते बुडवण्याआधी, आणि त्याहून जास्त बुडवल्यानंतर. चला, एकेक मुद्दा समजून घेऊ.

गुलदार: थोडक्यात माहिती

- प्रकार: लँडिंग शिप, म्हणजे फौज आणि वाहनं थेट किनाऱ्यावर उतरवणारं जहाज
- बांधणी: ग्दिनिया, पोलंड
- नौदलात दाखल: ३० डिसेंबर १९८५
- निवृत्ती: १२ जानेवारी २०२४, पोर्ट ब्लेअर (आताचं श्री विजयपुरम)
- लांबी: सुमारे ८४ मीटर, रुंदी: सुमारे १० मीटर
- महाराष्ट्राकडे ताबा: २२ फेब्रुवारी २०२५, कारवार नौदल तळ
- ताबा घेणारी संस्था: महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ, म्हणजे एमटीडीसी
- ठरलेली जागा: निवती रॉक परिसर, सिंधुदुर्ग जिल्हा
- केंद्राने मंजूर केलेला निधी: ४६.९१ कोटी रुपये

८४ मीटर म्हणजे किती? एसटीच्या सात बस एकामागे एक उभ्या केल्या की साधारण तेवढी लांबी होते.

शिपरेक म्हणजे काय?

समुद्राच्या तळाशी पडलेल्या जहाजाला शिपरेक म्हणतात. डायव्हिंगच्या जगात शिपरेक दोन प्रकारचे असतात.

पहिला प्रकार अपघाताचा. वादळ, टक्कर, आग किंवा युद्धात जहाज बुडतं आणि पुढे कधीतरी डायव्हर लोकांना सापडतं. आपल्या शेजारी गोव्यात ग्रँड आयलंडजवळ 'सुझीज रेक' या नावाने ओळखला जाणारा असाच एक जुना सांगाडा आहे. तो उथळ पाण्यात असल्यामुळे नवशिके डायव्हरही तिथे जातात.

दुसरा प्रकार ठरवून बुडवलेल्या जहाजांचा. जुनं जहाज स्वच्छ करायचं, धोकादायक वस्तू काढायच्या, योग्य जागा निवडायची आणि मग तळाशी बसवायचं. त्यावर समुद्री जीव वाढतात, मासे राहायला येतात. याला कृत्रिम रीफ असंही म्हणतात. गुलदारचा प्रकल्प या दुसऱ्या प्रकारातला आहे.

गुलदारचा इतिहास

गुलदार म्हणजे हिंदीत बिबट्या. आपल्याकडे उसात दिसतो तोच. चीता आणि कुंभीर ही त्याची भावंडं, म्हणजे त्याच बनावटीची जहाजं. कुंभीर म्हणजे मगर, आणि या जातीच्या जहाजांना ते नाव अगदी शोभतं, कारण ती पाण्यातून सरळ जमिनीवर चढतात.

हे कसं होतं ते बघा. साध्या मालवाहू जहाजाला बंदर लागतं, धक्का लागतो, क्रेन लागते. लँडिंग शिपला यातलं काहीच लागत नाही. त्याचा तळ सपाट असतो. किनारा जवळ आला की मागच्या बाजूने समुद्रात एक नांगर टाकतात आणि जहाज सरळ वाळूत घुसवतात. मग पुढचा दरवाजा उघडतो, उतरंड खाली येते आणि आतले रणगाडे, ट्रक, सैनिक बाहेर पडतात. काम झालं की मागे टाकलेल्या नांगराची साखळी ओढत जहाज स्वतःला पुन्हा पाण्यात खेचून घेतं. चिखलात रुतलेला ट्रॅक्टर समोरच्या झाडाला दोर बांधून बाहेर काढतात, तसंच काहीसं. या क्रियेला बीचिंग म्हणतात.

गुलदार, चीता आणि कुंभीर या तिघांनी मिळून १२,३०० पेक्षा जास्त दिवस समुद्रात काढले आणि सुमारे १७ लाख सागरी मैल अंतर कापलं. १,३०० हून जास्त वेळा ती किनाऱ्यावर चढून परत पाण्यात आली. १९८७ नंतर श्रीलंकेत गेलेल्या भारतीय शांतीसेनेच्या मोहिमेत ही जहाजं होती. १९९० मध्ये भारत-श्रीलंका सागरी सीमेवरची शस्त्रास्त्रांची तस्करी रोखणाऱ्या 'ऑपरेशन ताशा'मध्येही होती. २००४ च्या त्सुनामीनंतर मदत पोचवण्याचं कामही त्यांनी केलं. त्सुनामीत धक्के आणि बंदरंच मोडतात. अशा वेळी धक्क्याशिवाय सामान उतरवू शकणारं जहाज किती उपयोगी पडत असेल, याचा अंदाज करा.

सुमारे चार दशकांच्या सेवेनंतर तिन्ही जहाजांना एकाच दिवशी निरोप देण्यात आला.

भंगार की समुद्रतळ?

निवृत्त युद्धनौकेचं पुढे काय होतं? बहुतेक वेळा उत्तर एकच: भंगार. महाराष्ट्राला याचा अनुभव दोनदा आला आहे.

पहिला अनुभव आयएनएस विक्रांतचा. १९७१ च्या युद्धात गाजलेली ही विमानवाहू नौका जानेवारी १९९७ मध्ये निवृत्त झाली. नंतर २०१२ पर्यंत मुंबईत तिचं संग्रहालय होतं. पण एवढं मोठं लोखंडी जहाज खाऱ्या पाण्यात तरंगत ठेवायचं म्हणजे कायमचा दुरुस्तीचा खर्च. शेवटी ती विकली गेली आणि तोडली गेली. तिचं थोडं पोलाद वितळवून २०१६ मध्ये बजाजने 'व्ही' ही मोटारसायकल आणली होती, ते काहींना आठवत असेल.

दुसरा अनुभव आयएनएस विराटचा. ६ मार्च २०१७ रोजी ती निवृत्त झाली. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तिचं संग्रहालय आणि सागरी साहस केंद्र करायला मंजुरी दिली. जागा होती हीच, निवती रॉकजवळची. अंदाजे खर्च ८५२ कोटी. तो प्रकल्प झाला नाही. सप्टेंबर २०२० मध्ये विराटला ओढत गुजरातमधल्या अलंगच्या जहाजतोडणी किनाऱ्यावर नेण्यात आलं.

आता आकडे शेजारी ठेवून बघा. विराट पाण्यावर ठेवायला ८५२ कोटी. गुलदार पाण्याखाली ठेवायला ४६.९१ कोटी. अर्थात विराट कितीतरी मोठी होती, त्यामुळे ही तुलना सरळ नाही. पण मुद्दा लक्षात येतो. तरंगणाऱ्या जहाजाला रंग, पंप, वीज, पहारा सगळं रोज लागतं. तळाशी बसलेलं जहाज वजनाने आणि जागेने स्थिर असतं. म्हणून लहान जहाजासाठी 'बुडवून जपणं' हा पर्याय परवडू शकतो. पण त्याच्या अटी कडक आहेत.

जहाज बुडवायची तयारी: पायऱ्या

१. साफसफाई. सगळ्यात महागडी आणि महत्त्वाची पायरी हीच. जुन्या जहाजात डिझेल, ग्रीस आणि तेल असतं. जुन्या केबल आणि उपकरणांत पीसीबी नावाची विषारी रसायनं असू शकतात. पाइपांभोवती ॲस्बेस्टॉस, रंगात शिसं, शिवाय प्लॅस्टिक आणि फोम. हे सगळं बाहेर काढावं लागतं. नाहीतर ते हळूहळू पाण्यात, पाण्यातून माशात आणि माशातून आपल्या ताटात येतं. अमेरिकेने यासाठी २००६ मध्ये सविस्तर मार्गदर्शक नियमावलीच काढली आहे.

२. माणसांसाठी सुरक्षित करणं. डायव्हर आत अडकू नये म्हणून दरवाजे काढून टाकतात किंवा वेल्डिंगने बंद करतात. लोंबकळणाऱ्या वायरी कापतात. भिंतींना मोठी भोकं पाडतात, म्हणजे आत उजेड येतो आणि बाहेर पडायचा रस्ता नेहमी दिसतो.

३. जागेची पाहणी. इथे सोनार कामाला येतो. पाण्यात आवाजाचा वेग सेकंदाला साधारण १,५०० मीटर असतो. बोटीखालून सोडलेला आवाज तळावर आपटून ०.०४ सेकंदात परत आला, तर जाऊन-येऊन ६० मीटर झाले, म्हणजे खोली ३० मीटर. असे हजारो प्रतिध्वनी जोडून तळाचा नकाशा बनतो. तळ सपाट आणि टणक हवा, आधीपासून प्रवाळ असेल तिथे जहाज टाकायचं नाही, आणि जहाजाचा वरचा भाग ये-जा करणाऱ्या बोटींना लागणार नाही एवढी खोली हवी.

४. बुडवणं. जहाज ठरल्या जागी ओढून नेतात, नांगरांनी पक्कं बांधतात आणि तळाच्या झडपा उघडून किंवा मोजके छोटे स्फोट करून आत पाणी घेतात. पाणी कुठल्या कप्प्यात आधी शिरेल याचं गणित आधीच केलेलं असतं. एका बाजूला जास्त पाणी गेलं की जहाज कलंडतं.

अमेरिकेची 'ओरिस्कनी' ही प्रचंड विमानवाहू नौका १७ मे २००६ रोजी फ्लोरिडाजवळ अशीच बुडवली. वेळ लागला फक्त ३७ मिनिटं. तयारीला मात्र काही वर्षं गेली होती.

गणित चुकलं तर?

फ्लोरिडाचंच दुसरं उदाहरण जास्त शिकवणारं आहे, कारण ते जहाजही गुलदारसारखं फौज उतरवणारं होतं, फक्त बरंच मोठं. त्याचं नाव 'स्पीगल ग्रोव्ह'. मे २००२ मध्ये ते ठरलेल्या वेळेआधीच बुडायला लागलं आणि उलटं झालं. पुढचं टोक पाण्याबाहेर आणि बाकी जहाज पालथं! मग पुन्हा खर्च करून ते पूर्ण पाण्याखाली नेलं, तर ते एका कुशीवर पडून राहिलं. तीन वर्षांनी, जुलै २००५ मध्ये 'डेनिस' नावाचं चक्रीवादळ आलं आणि माणसांना जमलं नाही ते वादळाने केलं. जहाज सरळ उभं राहिलं.

ऐकायला गंमत वाटते. पण जे वादळ १५५ मीटर लांबीचं जहाज तळाशी फिरवू शकतं, ते चुकीच्या जागी ठेवलेलं जहाज कुठेही ढकलू शकतं. आपल्या अरबी समुद्रातही चक्रीवादळं येतात, हे तौक्तेने २०२१ मध्ये दाखवून दिलं.

सगळ्यात वाईट उदाहरण जहाजाचं नाही, टायरचं आहे. १९७० च्या दशकात फ्लोरिडाजवळच सुमारे २० लाख जुने टायर 'माशांना घर' म्हणून समुद्रात टाकले. त्यांना बांधणाऱ्या पट्ट्या गंजून तुटल्या. टायर सुटे झाले, लाटांबरोबर फिरायला लागले आणि शेजारचे खरे प्रवाळ घासून मारायला लागले. ते गोळा करण्याचं काम नंतर कित्येक वर्षं चालू राहिलं. म्हणजे समुद्रात काहीही टाकलं की त्याचं रीफ होत नाही. बऱ्याचदा त्याचा फक्त कचरा होतो.

बुडालेल्या जहाजावर मासे का येतात?

समुद्राचा बराचसा तळ वाळू किंवा चिखलाचा असतो. शेवाळाला, कालवांना, मऊ प्रवाळांना चिकटायला टणक पृष्ठभाग लागतो आणि जहाज तो देतं. आधी जिवाणूंचा बुळबुळीत थर येतो, मग शेवाळ, मग शिंपले आणि प्रवाळ. ते खायला लहान मासे येतात, त्यांच्यामागे मोठे मासे. शेवंड, गोबरा, तांबोशी अशा खडकात आसरा शोधणाऱ्यांना जहाजाच्या खोल्या म्हणजे तयार बिळंच.

इथे एक खरा वाद आहे. जहाजामुळे मासे वाढतात, की आजूबाजूचे मासे फक्त एका जागी गोळा होतात? दोन्ही होऊ शकतं. गोळा झालेल्या माशांवर मोठ्या बोटींनी जाळी टाकली तर उलट नुकसान जास्त. म्हणून रीफभोवती मासेमारीचे नियम काय असतील आणि ते कोण पाळायला लावेल, हा प्रश्न जहाज बुडवण्याइतकाच महत्त्वाचा आहे. सिंधुदुर्गात रापणीसारखी पारंपरिक मासेमारी करणारी कुटुंबं आहेत आणि १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्यही आहे. त्यामुळे प्रकल्प चांगला की वाईट, हे फक्त पर्यटकांच्या संख्येवर ठरणार नाही. स्थानिक मच्छीमाराचं जाळं जहाजात अडकलं तर भरपाई कोण देणार, बोटी चालवायचा आणि गाइडचा रोजगार कोणाला मिळणार, यावरही ठरेल.

बुडवलेलं जहाज जपतात कसं? थिसलगॉर्मचा धडा

जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध शिपरेकपैकी एक म्हणजे 'थिसलगॉर्म' हे ब्रिटिश मालवाहू जहाज. इंग्लंडमधल्या संडरलँडला ते बांधलं आणि एप्रिल १९४० मध्ये पाण्यात उतरवलं. दुसऱ्या महायुद्धात इजिप्तमधल्या फौजेसाठी ट्रक, मोटारसायकली, रायफली, दारूगोळा, रबरी बूट आणि दोन रेल्वे इंजिनं घेऊन ते निघालं. याच फौजेत भारतीय तुकड्याही लढत होत्या. भूमध्य समुद्र धोक्याचा म्हणून जहाज पूर्ण आफ्रिकेला वळसा घालून तांबड्या समुद्रात पोचलं आणि सुवेझ कालव्याकडे जायची वाट बघत नांगरून थांबलं. ६ ऑक्टोबर १९४१ च्या पहाटेआधी जर्मन विमानाने बॉम्ब टाकले. दारूगोळ्याचा स्फोट झाला, जहाज बुडालं आणि त्यावरचे नऊ जण मरण पावले.

१९५५ च्या सुमारास फ्रेंच संशोधक झाक कूस्तो यांच्या पथकाने ते शोधलं. पुढे १९९० च्या दशकात तिथे डायव्हिंग पर्यटनाची लाट आली. जहाज साधारण ३० मीटर खोलीवर आहे, पाणी स्वच्छ आहे आणि ट्रकमध्ये उभ्या मोटारसायकली आजही दिसतात. मग गर्दी होणारच.

गर्दीबरोबर नुकसान आलं. लोकांनी मोटारसायकलींचे सुटे भाग आठवण म्हणून काढून नेले. डायव्हिंगच्या बोटी आपले दोर थेट जहाजालाच बांधायच्या, त्यामुळे कठडे आणि पत्रे उपटले गेले. आणि एक नुकसान तर कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. डायव्हर सोडतो ते हवेचे बुडबुडे जहाजाच्या छताखाली अडकून राहतात. त्या हवेतल्या ऑक्सिजनमुळे लोखंड लवकर गंजतं. म्हणजे नुसता श्वास सोडूनसुद्धा आपण जहाज खात असतो! २००७ मध्ये इजिप्तमधल्या एका पर्यावरण संस्थेने तिथे बोटी बांधायला वेगळी सोय केली आणि हवा बाहेर पडावी म्हणून जहाजाला छिद्रं पाडली.

गुलदारसाठी हा तयार धडा आहे. बोटी कुठे बांधायच्या, एका वेळी किती जण खाली जातील, हवा बाहेर कशी पडेल, हे सगळं पहिला पर्यटक उतरायच्या आधीच ठरवता येतं. थिसलगॉर्मला ती संधी मिळाली नाही, कारण ते कोणी ठरवून बुडवलं नव्हतं.

पाण्याखालचं जहाज तुमच्या मोबाइलवर कसं येतं?

आता टेक्नॉलॉजीचा भाग. थिसलगॉर्म झिजतंय, म्हणून २०१७ मध्ये ब्रिटन आणि इजिप्तमधल्या विद्यापीठांच्या संशोधकांनी त्याचे २४ हजारांहून जास्त फोटो काढले आणि पूर्ण जहाजाचं थ्रीडी मॉडेल बनवलं. मॉडेल आणि ३६० अंशांचे व्हिडिओ इंटरनेटवर मोफत बघता येतात. तिसगावच्या स्टँडवर बसूनसुद्धा.

या तंत्राला फोटोग्रामेट्री म्हणतात. तत्त्व सोपं आहे:

- एकाच वस्तूचे वेगवेगळ्या बाजूंनी भरपूर फोटो काढायचे. शेजारच्या दोन फोटोंत निम्म्याहून जास्त भाग सारखा हवा.
- सॉफ्टवेअर दोन्ही फोटोंतले सारखे ठिपके ओळखतं. समजा, एकच खिळा किंवा एकच ओरखडा.
- तो ठिपका प्रत्येक फोटोत किती सरकला यावरून कॅमेरा कुठे होता आणि ठिपका किती लांब आहे, हे काढतं. आपले दोन डोळे अंतर ओळखतात, तसंच.
- असे कोट्यवधी ठिपके जोडून आकार बनतो आणि त्यावर फोटोचा रंग चढवला जातो.

पाण्याखाली जीपीएस चालत नाही, कारण उपग्रहाचा रेडिओ सिग्नल खाऱ्या पाण्यात लगेच विरतो. म्हणून प्रत्येक फोटोची जागा फोटोंवरूनच काढावी लागते.

हे घरी करून बघायचंय? गावातल्या देवळाजवळ एखादी जुनी वीरगळ असेल तर सकाळच्या ढगाळ उजेडात तिच्याभोवती फिरत ६०-७० फोटो काढा. उन्हात नको, सावल्या गोंधळ घालतात. फोटोग्रामेट्रीचं एखादं मोफत ॲप ते जोडून थ्रीडी मॉडेल देईल. दगडावरची झिजलेली अक्षरं मॉडेल फिरवल्यावर कधीकधी जास्त स्पष्ट दिसतात. फक्त आधी गावातल्या मोठ्यांना विचारा आणि वीरगळीला पाणी, खडू, तेल काहीही लावू नका.

डायव्हिंगला जाणार असाल तर

एमटीडीसीचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र मालवणजवळ तारकर्लीला आहे. पावसाळ्यात समुद्र खवळलेला आणि गढूळ असतो, त्यामुळे डायव्हिंगचा हंगाम त्यानंतरचा. जाण्याआधी एवढं लक्षात ठेवा.

दाब. दर १० मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. वर १, दहा मीटरवर २, वीसवर ३, तीसवर ४. विहिरीत कान दुखतात ते यामुळेच. नाक धरून हळूच फुंकर मारली की कानातला दाब सारखा होतो. सर्दी असेल तर हे होत नाही, म्हणून सर्दी असताना डायव्हिंग नको.

श्वास रोखायचा नाही. विहिरीत आपण श्वास रोखून बुडी मारतो. स्कूबात नेमकं उलटं. दहा मीटरवर टाकीतून छाती भरून घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट फुगते. श्वास रोखून वर आलात तर फुफ्फुसाला इजा होऊन जीव जाऊ शकतो. विहिरीत पट्टीचे पोहणाऱ्यांनी हा नियम जास्त लक्षात ठेवायला हवा, कारण सवय उलटी असते.

मर्यादा. पहिला रीतसर कोर्स १८ मीटरपर्यंतची परवानगी देतो, पुढचा ३० मीटरपर्यंत. हौशी डायव्हिंगची कमाल मर्यादा ४० मीटर. जहाजाच्या आत शिरायला वेगळं प्रशिक्षण लागतं. "काही होत नाही, चल" म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

मोबाइल. आयपी६८ म्हणजे फोन समुद्रात नेता येतो, असं नाही. ती चाचणी स्थिर, गोड्या पाण्यात आणि कंपनीने ठरवलेल्या मोजक्या खोलीवर होते. समुद्रात मीठ आहे, लाटा आहेत आणि खोलीचा दाब आहे. शिवाय ओल्या स्क्रीनवर टच नीट चालत नाही. प्लॅस्टिकचं पाऊच बोटीवर ठीक, खाली नाही.

निळे फोटो. पाणी लाल रंग आधी शोषतं. काही मीटरवरच लाल शर्ट तपकिरी दिसतो. फोटो निळे येणं हा कॅमेऱ्याचा दोष नाही. जवळून, दिवा लावून काढले तरच रंग परत येतात.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पोहता येत नसेल तर चालेल का? प्रशिक्षकासोबतच्या उथळ, पहिल्या ओळखीच्या डाइव्हला बऱ्याच ठिकाणी चालतं. पण शिपरेकवर जायचं तर पोहणं आणि रीतसर कोर्स दोन्ही हवं.

दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर? आधी डॉक्टरांचा सल्ला घ्या. फॉर्मवर खोटी माहिती लिहू नका.

डाइव्ह केल्यावर लगेच विमानाने जाता येतं का? नाही. सामान्य सल्ला किमान १८ तास थांबण्याचा आहे. कारण शरीरात विरघळलेला नायट्रोजन कमी दाबात बुडबुडे बनवतो, सोड्याच्या बाटलीचं झाकण उघडल्यावर होतं तसं.

जहाज पाण्याखाली किती वर्षं टिकेल? काही दशकं. थिसलगॉर्म ८० वर्षांनंतरही ओळखू येतं. पण लोखंड गंजणारच. शेवटी त्यावर वाढलेलं प्रवाळ आणि आपण जपलेली माहिती एवढंच उरेल.

शेवटचा मुद्दा

विक्रांतचं पोलाद मोटारसायकलीत गेलं, विराट अलंगला गेली. गुलदारला तिसरा रस्ता मिळाला आहे. तो रस्ता चांगला ठरेल की नाही, हे जहाज तळाला टेकेल त्या दिवशी कळणार नाही. पाच वर्षांनी तिथल्या पाण्यात तेलाचा तवंग आहे की गोबऱ्यांचा थवा, दहा वर्षांनी निवतीचा मच्छीमार त्याबद्दल काय बोलतो, यावर ते कळेल. त्यामुळे या प्रकल्पाची बातमी वाचाल तेव्हा बुडवतानाच्या व्हिडिओवर थांबू नका. साफसफाईत काय काय काढलं आणि देखभालीला दरवर्षी किती पैसे ठेवले, हे दोन प्रश्न नक्की विचारा.